नव्या कापडाचं दुपटं

“मग टाका कुठं चुकला, तेवढं तरी सांगा.”

मथाई देवळाच्या ओवरीत बसली होती. तिच्या मांडीवर एक जुनं धोतर होतं. तळहातानं ती त्याच्या सुरकुत्या काढत होती.

“मथाई, म्या काय विचारते?”

“ऐकलं.”

“मग?”

प्रयागानं आपल्या हातातलं दुपटं पुढं सरकवलं. लालभडक कापड, हिरवे काठ, चारी कोपऱ्यांत कापडाचे राघू. धावदोरा इतका बारीक आणि सरळ की बघणाऱ्यानं आधी बोट फिरवून बघावं. सिंधफणा नदीच्या दोन्ही काठांवर असं दुपटं कुणी शिवलं नव्हतं. बाळ जन्मायच्या आधीच बाया ते बघायला येऊन गेल्या होत्या.

घोटाळा तिथंच होता.

त्या गावांतून बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. साधं टोपरंही नाही. बाळ आलं, रडलं, की मग घरातलं एखादं जुनेर फाडायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि त्याचं दुपटं करायचं. नवं कापड बारशाला. आणि ज्या घरात लेकरू टिकत नाही, त्या घरच्या बाईनं तर स्वतःचं जुनेरही वापरायचं नाही. लेकुरवाळ्या घरांतून चिंध्या मागून आणायच्या आणि त्या जोडायच्या. म्हणजे लेकरू मागून आणलेलं ठरतं आणि त्याच्यावर कुणाचा डोळा राहत नाही, अशी समजूत.

हे सगळं प्रयागाला ठाऊक होतं. ती सुई धरायला इथंच शिकली होती, महादेवाच्या देवळाच्या याच ओवरीत.

मथाई या ओवरीत कधीपासून राहते हे गावात कुणाला सांगता येत नसे. ती मंत्र देत नसे, अंगारा देत नसे. कुणी दुःख घेऊन आलं की त्याच्या हातात सुई द्यायची आणि एखादं फाटकं कापड. बरेच जण चिडून निघून जात. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. माणूस देवळात येतो तो काही ठिगळं लावायला येत नाही.

जे थांबत ते थांबत. प्रयागा सगळ्यांत जास्त थांबली होती, आणि गेली तेव्हा सगळ्यांत जास्त तोऱ्यात गेली. “माझ्या हाताला शिकवण्यासारखं आता तुमच्याकडं काही राहिलं न्हाई,” असं ती जाताना म्हणाली होती. मथाई हसली होती. कारण ते खरं होतं.

पुढं प्रयागाला दिवस गेले. तिनं बाजारातून नवं कापड आणलं. सासू म्हणाली, आत्ता नको. शेजारीण म्हणाली, आत्ता नको.

“माझं लेकरू दुसऱ्याच्या जुनेरात निजायचं न्हाई,” प्रयागा म्हणाली.

तिनं दुपटं शिवलं. गोंड्यांची कुंची शिवली. पाळण्यावर टांगायला कापडाच्या चिमण्या केल्या, आत कापूस भरून, मण्यांचे डोळे लावून. बाया आल्या, तोंडावर कौतुक केलं आणि पाणवठ्यावर जाऊन निराळं बोलल्या.

मुलगी झाली. मंजुळा. बारसं असं झालं की पाळण्याखाली बसलेली पोरं गूळखोबरं विसरून वर चिमण्यांकडंच बघत राहिली. मंजुळाही त्यांच्याकडं बघून हात हलवायची.

ती बसायला लागली होती. पावसाळा सरता सरता तिला ताप आला, आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाचं कारण गावाला फार लवकर सापडतं. इथंही सापडलं. एके दिवशी सासूनं प्रयागाच्या सुया, दोरे, कात्री सगळं उचलून माळ्यावर टाकलं. नवरा बोलेनासा झाला. बाळंतिणीच्या घरून दुपट्याचं काम घेऊन येणाऱ्या बाया येईनात. वाटेत प्रयागा दिसली की एखादी पोटुशी बाई पदर पुढं ओढून बाजूनं जाई.

मंजुळाला मातीत ठेवताना दुपटं तिच्यासंगं घाल, असं सासू म्हणाली होती. प्रयागानं दिलं नाही. ते घेऊन आज ती ओवरीत आली होती.

“म्या मारलं का तिला?” प्रयागानं विचारलं. “व्हय का न्हाई, एवढंच सांगा. व्हय म्हणलात तरी चालंल.”

मथाईनं पहिल्यांदा वर पाहिलं.

“चालंल?”

“चालंल... निदान कळंल तरी.”

मथाईनं शेजारच्या डब्यातून एक पातं काढलं आणि प्रयागासमोर ठेवलं.

“उसव.”

“हे?”

“व्हय.”

“हे न्हाई उसवायचं मला, मथाई.”

“टाका शोधाया आलीस ना?”

प्रयागानं पातं बोटांत फिरवलं. मग तिनं एक कोपरा हातात घेतला आणि राघूच्या शेपटीपासून सुरुवात केली.

आपलंच शिवण इतकं घट्ट असेल असं तिला वाटलं नव्हतं. पातं आत शिरत नव्हतं. एकेक टाका नखानं उचलावा लागत होता. तो उचलायच्या आधी ती निरखून बघे. वाकडा आहे का, सैल आहे का, कुठं दोरा दुहेरी पडलाय का. मग कापी. शिवताना कोणत्या ओळीला काय चाललं होतं ते तिला आठवत होतं. या ओळीला पोटात पहिल्यांदा हललं होतं आणि ती दचकून हसली होती. या ओळीला सासूशी भांडण झालं होतं. या ओळीला तिनं मुलगा झाला तर आणि मुलगी झाली तर, अशी दोन्ही नावं ठरवली होती.

“सापडला?” मथाईनं विचारलं.

“न्हाई.”

ऊन नंदीवरून सरकत ओवरीच्या पायरीवर आलं. दोऱ्यांची लहानशी रास झाली.

“सापडला?”

“न्हाई... अजून बघते.”

शेवटी वरचं लाल कापड सुटलं. आतला थर उघडा पडला. विरलेलं, रंग गेलेलं, साध्या निळ्या चौकड्यांचं लुगडं.

मथाईचा हात थांबला.

“हे कुणाचं?”

“आईचं.” प्रयागानं मान खाली घातली. “ती गेल्यावर तेवढंच राहिलं होतं.”

“नवं घालीन म्हणली होतीस ना?”

“वरून नवंच होतं की... आत काय ते कोण बघतं?” मग लुगड्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “नुसतं नवं कापड टोचलं असतं मंजुळाला.”

प्रयागानं ते लुगडं सोडवायला उचललं आणि एकदम तशीच थांबली. मंजुळा गेल्यानंतर तिनं वरचं कापड ओल्या फडक्यानं कितीदा तरी पुसलं होतं. पण आतल्या घड्यांना अजून वास होता. आंबूस दुधाचा आणि तेलाचा.

तिनं त्यात तोंड खुपसलं.

इतके महिने ती लोकांसमोर रडली नव्हती. रडले तर कबूल केल्यासारखं होईल असं तिला वाटे. आता ती रडली, मोठ्यानं, अगदी लहान पोरीसारखी हमसून हमसून. देवळात आलेला एक म्हातारा पिंडीवर पाणी घालून घाईघाईनं निघून गेला. मथाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती धोतराच्या सुरकुत्या काढत राहिली, मात्र ज्या जागेच्या सुरकुत्या आधीच निघाल्या होत्या तिथूनच तिचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता.

बऱ्याच वेळानं प्रयागानं डोळे पुसले.

“एकबी टाका चुकलेला न्हाई, मथाई.” एखादं गाऱ्हाणं सांगावं तसं तिनं सांगितलं.

“बरं.”

“मग ती का गेली?”

“ठाऊक न्हाई.”

“तुमाला बी?”

“मला बी.”

प्रयागाला राग आला. खरा, लालबुंद राग. सासूवर आला नव्हता, गावावर आला नव्हता, तो सगळा आता या म्हातारीवर आला.

“मग तुमी बसता कशाला इथं? लोकं तुमच्या पाया पडत्यात ती कशाला? चुकलं असंल तर चुकलं म्हणा. न्हाई तर न्हाई म्हणा. हे ‘ठाऊक न्हाई’ घेऊन म्या घरी कशी जाऊ?”

मथाईनं उत्तर द्यायच्या आत पायरीशी पावलं वाजली.

पलीकडच्या वस्तीवरची सोजरबाई आली होती. पन्नाशीची बाई, नदी उतरून आल्यामुळं लुगड्याचा काठ ओला. पदराखाली एक गाठोडं होतं. तिच्या सुनेची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती, हे दोन्ही काठांना ठाऊक होतं.

“मथाई, पहाटं मोकळी झाली सून. पोरगा हाय,” तिनं पायरीवरूनच सांगितलं. आनंदाची बातमी होती, पण ती हलक्या आवाजात सांगितली. “बापाच्या धोतरात गुंडाळून ठिवलंय. चिंध्या मागून आणल्यात. आज झालं तर...”

आणि मग तिला प्रयागा दिसली. पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले.

“ये, बस,” मथाई म्हणाली.

सोजरबाई बसली, पण लांब, खांबाला टेकून. गाठोडं पदराखालीच राहिलं.

“सोजर, मला आता सुई दिसत न्हाई. हात बी थरथरतो.”

“मग... कसं करायचं, माय?”

“ही शिवील.”

सोजरबाईनं गाठोडं पोटाशी घट्ट धरलं.

प्रयागा उठून उभी राहिली. उसवलेलं कापड गोळा करता करता ती म्हणाली, “भिऊ नका मावशी. म्या हात लावणार न्हाई. कुणाच्याच लेकराच्या कापडाला लावणार न्हाई आता. ते ठरवायलाच आले होते इथं.”

“बस खाली,” मथाई म्हणाली.

“मथाई, उगं कशाला...”

“बस.”

प्रयागा बसली.

मथाई सोजरबाईकडं वळली. “सोजर, तुझ्या थोरल्या नातीचं दुपटं कुणी शिवलं होतं?”

“तुमीच की.”

“कधी?”

“जन्मल्यावर. आधी टोपरं बी केलं नव्हतं आमी.”

“कापड?”

“मागून आणलेलं. लेकुरवाळ्या घरचं. जन्मताना ती आडली होती, सुनेच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून पहिल्यापासनंच मागून आणलं.”

“आन धाकट्याचं?”

“ते बी तुमीच शिवलं.”

“त्यात काही रीत मोडली?”

“कशी मोडीन, माय? थोरली गेल्यावर तर म्या...” सोजरबाई थांबली. तिचा हात गाठोड्यावर होता, तो तसाच राहिला.

देवळातली घंटा वाऱ्यानं जराशी हलली, पण वाजली नाही.

प्रयागा मथाईकडं बघत होती. धाकट्याच्या दुपट्याच्या चिंध्या तिनंच धुतल्या होत्या. इथंच, या पायरीवर. ते लेकरू गेल्याचा निरोप आला तेव्हाही ती ओवरीत होती. त्या दिवसांत ती राघू बसवायला शिकत होती आणि राघूच्या चोचीपलीकडं तिला काही दिसत नव्हतं. मथाईनं त्या दिवशी काय केलं, जेवली का, निजली का, हे तिला आता कितीही आठवलं तरी आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मथाई कुठल्यातरी तिसऱ्याच घरचं दुपटं घेऊन बसली होती, एवढंच आठवलं.

“मथाई,” ती हळूच म्हणाली, “तुमी उसवून बघितली का ती?”

“कशी बघणार? लेकरांसंगं मातीत गेली.”

सोजरबाईनं पदरानं नाक पुसलं.

“म्या तुमाला कधी काही बोलले का, माय?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मनात आलं होतं.” सोजरबाई खांबाकडं बघत बोलत होती. “धाकटा गेला तव्हा आलं होतं. म्हणलं, म्हातारीचाच हात वाईट. लई वाईट वाईट आलं मनात. मग म्हणलं, हिच्यावर राग धरून बसले तर पुढच्या लेकराचं कुणाकडं न्यावं?”

“मला ठाऊक होतं,” मथाई म्हणाली.

“आन तरी गप बसलात?”

“मला बी तसंच वाटत होतं, सोजर.”

सोजरबाई बघतच राहिली. प्रयागानंही मान वर केली. मथाईच्या तोंडावर काही नव्हतं. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याची बोटं जरा जरा हलत होती, सुई नसतानाही.

सोजरबाईनं गाठोडं पदराखालून काढलं. क्षणभर ते तसंच हातात तोललं. मग पुढं सरकून तिनं ते प्रयागाच्या आणि आपल्या मधे, जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही.

“मला भ्या वाटतंय पोरी,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू.”

“मला बी वाटतंय, मावशी.”

गाठोड्याची गाठ आपोआप सैल झाली होती. आतून कुणाच्या परकराचा तुकडा, कुणाच्या पटक्याचा, कुणाच्या चोळीचा. सगळे तुकडे जुने, वापरून मऊ झालेले. प्रयागाचा हात नकळत पुढं गेला आणि मधेच थांबला. कोणता तुकडा कुणाशेजारी लावायचा हे तिच्या डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली. इतकं होऊनही हात कसा शिवशिवतो, असं तिला वाटलं.

तिनं हात मागं घेतला.

“मथाई, एक विचारते. खरं सांगा.”

“विचार.”

“माझ्या हातचं दुपटं पांघरून हे लेकरू जगंल का?”

“ठाऊक न्हाई.”

“आन तुमच्या हातचं पांघरून?”

“ठाऊक न्हाई.”

सोजरबाईनं डोळे मिटून घेतले.

“आईनं शिवलं, मावशीनं मागून आणलं, आधी शिवलं, मागनं शिवलं... कशानं जगंल हे कुणालाच ठाऊक न्हाई?” प्रयागानं विचारलं.

“न्हाई.”

“मग शिवायचं कशासाठी?” प्रयागाचा आवाज फाटला. “सांगा ना, मथाई. मग शिवायचं कशासाठी?”

मथाईनं डब्यातली सुई घेतली. दोऱ्याचं टोक जिभेला लावलं, ओवायला गेली, चुकलं. पुन्हा गेली, पुन्हा चुकलं. मग तिनं सुई आणि दोरा दोन्ही प्रयागापुढं धरले.

“त्याला आत्ता गार लागत असंल.”